सॉफ्ट लेन्स एफ ८ वर शार्पच येणार

पेन्टॅक्स ६७ या फिल्म कॅमेऱ्याच्या १२० मिमी सॉफ्टने, म्हणजे मुद्दाम मऊ चित्र देणाऱ्या लेन्सने काढलेलं पोर्ट्रेट अगदी साध्या लेन्ससारखं आलं, लेन्स बिघडलीय का, असं वर विचारलंय. एफ ८ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) बरंच लहान करून काढलंय म्हणता, मग लेन्स ठणठणीत आहे! या लेन्सचा मऊपणा गोलीय विपथन या भिंगातल्या दोषाचा. भिंगाच्या कडेने आलेले किरण मधल्या किरणांशी एका जागी जुळत नाहीत, म्हणून शार्प प्रतिमेवर उजेडाचं एक झिरझिरीत आवरण चढतं. अ‍ॅपर्चर लहान केलं की कडेचे किरणच छाटले जातात. एफ ३.५ ते ५.६ मध्येच काय ते खेळा.

फोकस मात्र ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढणार त्याच अ‍ॅपर्चरवर, प्रीव्ह्यू (अ‍ॅपर्चर प्रत्यक्ष तेवढं लहान करून दाखवणारी कळ) वापरून करा; या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदललं की फोकसही सरकतो. पापणीचा केस न् केस दिसला पाहिजे आणि भोवती उजेड सांडलेला. केसच दिसत नसेल तर तो सॉफ्ट फोकस नव्हे, नुसता चुकलेला फोकस.

मामियाच्या आरबी ६७ कॅमेऱ्यासाठीच्या १५० मिमी सॉफ्टमध्ये भोकं पाडलेल्या चकत्या बदलून परिणाम कमीजास्त करता येतो. हॅसलब्लाड कॅमेरावाल्यांना लेन्सपुढे लावायचा, मऊपणा आणणारा सॉफ्टार फिल्टर बरा.

मऊपणासाठी प्रिंट काढताना एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी करून पाडणाऱ्या यंत्राखाली) स्टॉकिंगचं झिरझिरीत कापड धरायचा सल्लाही वर आलाय. ते मला पटत नाही. तिथे निगेटिव्हमधून प्रकाश जातो आणि सावलीच्या भागातूनच तो जास्त येतो, त्यामुळे उजेड सावलीत पसरण्याऐवजी सावलीच उजेडात पसरते. पांढरी कॉलर कडेने मळकट दिसते.