झोपलेली शंखी गोगलगाय: दमट हवेने श्वास वाढतो का?

प्रश्न: शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा धरून सुप्तावस्थेत गेलेल्या शंखी गोगलगायी २५ आणि ३५ अंशांवर, ३३ आणि ९४ टक्के आर्द्रतेत ठेवल्यात. २५० मिलिची बरणी, कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडा लाइम, केशनळीत रंगीत थेंब (प्राणवायू खपला की सरकणारा), मापन तासाभराचं. ९४ टक्क्यांत एकाच गटातल्या दोघींच्या प्राणवायूच्या खपात पाचपट फरक येतो. दमटपणा चयापचय वाढवतो का?

रानवाट: पाचपट म्हणजे बहुतेक एक जागी झालीय. दमट हवा आणि धक्का, दोन्हींनी पापुद्रा सुटतो, आणि जाग येताच खप उसळतो. मापनाआधी आणि नंतर पापुद्र्याचा फोटो घ्या. कडा सुटलेली दिसली की तो आकडा बाद. हाताळल्यावर २४ तास बरणी हलवू नका. तासाभराचं मापनही अपुरं आहे. काही जाती झोपेत श्वासछिद्र अधूनमधूनच उघडतात, त्यामुळे किमान १२ तास मोजा. हातमोजे घाला, या गोगलगायींत उंदरांच्या फुप्फुसकृमीच्या अळ्या असू शकतात.

क्षारपाणी: आर्द्रतेचे टक्के तेच ठेवले तरी हवा सारखी सुकवत नाही. ७५ टक्क्यांवर बाष्पाची तूट, म्हणजे हवा अजून किती बाष्प घेऊ शकते ते, २५ अंशांना ०.७९ किलोपास्कल, ३५ ला १.४१. तुमचे ९४ टक्के बहुधा पोटॅशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणाने राखलेले. ३५ अंशांना ते ९१ वर येतात. मिठाचं संपृक्त द्रावण दोन्ही तापमानांना ७५ च्या आसपास राहतं, आणखी एक मधला गट त्यावर करा. आणि सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषताना पाणी सोडतो, म्हणून कोरड्या बरणीत तो अगदी थोडाच, जाळीच्या पुडीत.

रानवाट: बरोबर. वजन घटलं म्हणजे साठा जळला असं समजू नका, कोरड्या हवेत बरीचशी घट पाण्याचीच असते.

थेंबमापी: रिकामी जोडबरणी, म्हणजे गोगलगाय नसलेली पण बाकी तशीच बरणी, लावलीय का? २०० मिलि हवा एका अंशाने सुमारे ०.७ मिलि फुगते. झोपलेलीचा खप यात सहज बुडतो. बरण्या पाण्यात बुडवून ०.१ अंशात धरा, जोडबरणीचा थेंब सरकला तेवढं वजा करा. मग फक्त झोपलेल्यांचे आकडे घेऊन ३५ चा दर भागिले २५ चा दर काढा. दोनच्या जवळ आला तर तो तापमानाचाच परिणाम. चार-पाच आला तर पुन्हा पापुद्रे बघा.