सल्ला हवा: आईला सोलापूरहून लंडनला एकटीला पाठवायचंय

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये बहिणीची डिलिव्हरी आहे, आई लंडनला जाणार. वय 72, डावा गुडघा दुखतो, विमानात पहिल्यांदाच बसणार. अंतर किती, विमानात किती तास बसावं लागतं? आणि मुंबईहून पाठवू की हैदराबादहून?

बाळीवेसकर:
मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किमी. थेट विमानाला नऊ-दहा तास धरा. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद झालं, त्यामुळं त्यांना वळसा पडू लागला. येताना मात्र वेळ कमी लागतो, कारण वर दहा-बारा किमी उंचीवर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं आणि विमानाला पाठीमागून रेटा मिळतो.

उमरग्याची_लेक:
दादा, विमानातले दहा तास निभतात हो. आईला घरापासून विमानतळापर्यंत कसं नेणार, ते आधी ठरवा. माझ्या सासूबाईंना मुंबईला मोटारीनं नेलं, खंडाळ्याच्या घाटात अडीच तास अडकलो. त्या मागच्या सीटवर पाय चोळत बसल्या होत्या, गुडघा टम्म सुजला. विमानतळावर धावतपळत पोचलो. त्यांचं ते तोंड आठवलं की अजून वाईट वाटतं.

पुढच्या वेळी हैदराबाद धरलं. आपल्याकडून तीनशे-सव्वातीनशे किमी, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत सरळ रस्ता. शेवटी बाहेरच्या रिंगरोडनं शमशाबादला उतरायचं, शहरात शिरावंच लागत नाही. तिथून लंडनला थेट विमान आहे. वाटेत दर दीड तासाला आईंना उतरवून चार पावलं चालवा.

मुंबईच करायची असेल तर वंदे भारतनं आदल्या दिवशी जा. सकाळी सहाच्या सुमारास निघते, दादरला दुपारी उतरता येतं. रात्री नातेवाइकांकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विमान. त्याच दिवशी रेल्वे आणि विमान दोन्ही अजिबात नको.

बाळीवेसकर:
ताईंचं बरोबर आहे. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईला विमान सुरू झालंय, पण त्याचं तिकीट वेगळं काढलं आणि ते चुकलं तर पुढचं विमान थांबत नाही.

पार्क_चौक:
तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत. माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो, इमिग्रेशनलाही सोबत असतो.

वेळेचंही बघा. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी दोनला निघून दहा तासांनी उतरल्या तर तिथं संध्याकाळचे साडेसात, पण आईंच्या अंगाला मध्यरात्र. बीपीची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

होटगीरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. हैदराबादच बघतो. खायचं काय काय चालतं? आईनं शेंगाचटणी, कडक भाकरी आणि पेढे काढून ठेवलेत.

उमरग्याची_लेक:
चटणी आणि भाकरी खुशाल द्या, चटणी दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत. पेढे आणि तूप काढा, दुधाचे पदार्थ तिथं नेऊ देत नाहीत. डिंकाचे लाडू करणार असाल तर तेही तुपातले, म्हणून डिंक आणि खारीक कोरडंच पाठवा, लाडू आई तिथं वळतील.