टक्क्यांची पट्टी खोटं बोलते, काढून टाका

खडूस_कोडर
क्लायंटच्या पोर्टलवर लोक ८००-९०० एमबीचे व्हिडिओ चढवतात. पट्टी झरझर १०० टक्क्यांवर जाते आणि मग दोन मिनिटं ढिम्म. लोक वैतागून टॅब बंद करतात, फाइल गायब, शिव्या आम्हाला. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टचा (ब्राउझरमधून सर्व्हरकडे डेटा पाठवायची जुनी सोय) प्रोग्रेस इव्हेंट, म्हणजे पट्टीला आकडा देणारा इशारा, फक्त ब्राउझरने किती बाइट बाहेर ढकलले ते मोजतो. पुढे एनजिनएक्स, म्हणजे आमच्या ॲपच्या दारातला वेब सर्व्हर, उभा. डिफॉल्ट सेटिंगमध्ये तो अख्खी फाइल स्वतःकडे जमवतो, मगच ॲपकडे सोपवतो. त्यानंतर व्हायरस तपासणी, स्टोरेजवर कॉपी. म्हणजे १०० दिसतं तेव्हा आमच्या ॲपच्या हाती काहीच आलेलं नसतं! त्यापेक्षा साधं फिरतं चक्र आणि "फाइल जात आहे, टॅब बंद करू नका" एवढं पुरे.

रत्नागिरीकर
अजिबात पटलं नाही. माझ्या घरी अपलोडला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी) मिळतो, तोही नशीब असेल तर. ९०० एमबीला बरोब्बर एक तास. तासभर चक्र बघत बसू? रेंज गेली तरी ते आपलं फिरतंच. आकडा ३७ वर अडला तर गाडी थांबलीय हे तरी कळतं. ऑफिसच्या फायबरवर बसून असले निर्णय घेऊ नका.

खडूस_कोडर
आणि तासाभराने १०० बघून तुम्ही लॅपटॉप मिटलात, फाइल गेली, मग?

चहाबाज
अहो, भांडण त्या १०० वरच आहे ना? पट्टी ठेवा, शब्द बदला. बाइट संपले की "फाइल पोचली, तपासणी सुरू आहे". सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत हिरवी टिक नाही. आम्ही तर फाइलचे तुकडेच करतो. एस३च्या (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) मल्टिपार्टला, म्हणजे तुकड्यांनी अपलोड करायच्या सोयीला, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो, आम्ही ८चे ठेवलेत. तुकड्याची पावती आली की मगच पट्टी सरकते. रेंज गेली तर तेवढाच तुकडा पुन्हा.

खडूस_कोडर
तुकड्यांचं बजेट क्लायंट देणार नाही. शिवाय फ्रंटएंडच्या पोराने सगळं फेचवर (ब्राउझरची डेटा पाठवायची नवी सोय) नेलंय, त्यात अपलोडचा प्रोग्रेस इव्हेंटच नाही.

रत्नागिरीकर
हां! म्हणजे पट्टी खोटी वगैरे नंतर सुचलं. 😄

खडूस_कोडर
दोन्ही कारणं खरी आहेत. तपासणीचं वाक्य उद्याच टाकतो. पट्टीचं बघू.