बिस्मिल्ला खाँ पुरस्कार: चाळिशीपर्यंत ‘युवा’ कसे?

षड्ज:
संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार २००६ साली सुरू झाला. वयोमर्यादा ४०, रक्कम २५ हजार रुपये. माझ्या मते मर्यादा ३० वर आणावी. नोकरी धरू की रियाज, हा पेच पंचविशीत पडतो. पाठीवर हात तेव्हा हवा. अडतिसाव्या वर्षी ज्याच्या मैफलींच्या तारखा आधीच भरलेल्या असतात, त्याला याने काय मिळणार?

खर्ज:
अजिबात पटलं नाही. ख्यालगायकी पिकायला वेळ लागतो. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात, त्यावर लोक थक्क होत. पण आपण ज्याला कुमारांचं गाणं म्हणतो, ते क्षयाच्या आजारात देवासला मुक्याने काढलेल्या वर्षांनंतरचं, म्हणजे तिशीच्या आसपास उमललेलं. तिशीची अट घातली तर आपण नुसत्या तयारीला, म्हणजे गळ्याच्या चपळाईला, बक्षीस देऊ. स्पर्धांत तेच चाललंय. दहा मिनिटांत राग उरकायचा, आलापीला, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराला, जागाच नाही, तिसऱ्या मिनिटाला जलद ताना सुरू.

मींड:
सत्ताविसाव्या वर्षी मला मुलगी झाली. पुढची पाच वर्षं तानपुरा गवसणीतच होता. चौतिसाव्या वर्षी पुन्हा मैफली मिळू लागल्या. तीसची रेघ ओढलीत तर माझ्यासारख्या किती जणी तिच्या बाहेर राहतील, मोजा.

षड्ज:
मींड, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अशा खंडासाठी सवलत हवीच. पण खर्ज, पंचविशीत गाणं सोडलेला मुलगा चाळिशीत पिकणार कसा? तो तोवर गातच नसतो.

ठेका:
वयाइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. २०१९, २०२० आणि २०२१ चे पुरस्कार नोव्हेंबर २०२२ मध्ये एकदम जाहीर झाले, १०२ कलाकारांना. मधे कोविड होता, मान्य. तरी एकोणचाळिशीत निवडलेल्याच्या हाती सन्मान चाळिशी उलटल्यावर पडला, तर ‘युवा’ शब्दाला काय अर्थ उरला?

खर्ज:
षड्ज, धडपडीच्या वयासाठी संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहेच: वय १८ ते २५, महिना ५ हजार, दोन वर्षं. ती वाढवून घ्या, मी सही करतो. पुरस्कार मात्र झालेल्या कामाचा असू द्या.

षड्ज:
सही घेतोच. पण ती शिष्यवृत्ती दोन वर्षांत संपते. मग सव्विसाव्या वर्षी त्याने कोणाकडे बघायचं?