चर्चा: नवऱ्यामागून केलेला प्रवास बाईचा स्वतःचा असतो का?

सांजवेळ: अ‍ॅन फॅनशॉच्या आठवणी वाचून संपवल्या. सतराव्या शतकातली इंग्लिश बाई, राजाच्या पक्षातल्या घराण्यातली. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धामुळे आयर्लंड, स्पेन, फ्रान्स अशी वणवण झाली, पुढं नवरा राजदूत झाल्यावर पोर्तुगाल आणि पुन्हा स्पेन. अशा लेखनात बाईला प्रवासातून स्वत्व सापडतं, असं म्हणतात. मला पटत नाही. नवरा जाईल तिथं ही जाते. लिहिलं तेही १६७६ मध्ये, नवरा जाऊन दहा वर्षं झाल्यावर, मुलाला बाप कळावा म्हणून.

रानवाट: साफ चूक. १६५० चा आयर्लंडमधल्या गॅलवेपासून स्पेनमधल्या मालागापर्यंतचा प्रवास परत वाचा. समोर तुर्की जहाज आलं, कप्तानानं हिला केबिनमध्ये कोंडलं. हिनं दार बडवून पोऱ्याला बोलावलं, अर्धा क्राउन देऊन त्याची निळी टोपी नि डांबर लावलेला कोट घेतला, आणि डेकवर जाऊन उभी राहिली. हे तिला कुणी सांगितलं होतं?

सांजवेळ: उभी कुठं राहिली? नवऱ्याशेजारीच ना!

रानवाट: हो, पण स्वतः ठरवून. आणि १६५९ चा देशाबाहेर जायचा परवाना? राजपक्षाच्या फॅनशॉ नावावर मिळणार नाही म्हणून तिनं माहेरच्या हॅरिसन नावानं काढला. मग लेखणी घेऊन एकेक अक्षर फिरवत त्याचंच फॅनशॉ केलं आणि मुलं घेऊन फ्रान्समधल्या कॅलेला पोचली. ओळख हा शब्द इथं नाही वापरायचा तर कुठं?

उंबरठा: दोघंही नवऱ्यावरच अडलात. त्याच शतकाच्या अखेरीची इंग्लिश प्रवासी सीलिया फाइन्स घ्या. लग्न केलं नाही, तब्येतीसाठी हवापालट म्हणून निघाली आणि घोड्यावरून जवळजवळ सगळं इंग्लंड पाहिलं. रस्ते, खाणी, कापडाचे धंदे, सगळं टिपलंय. मनातलं मात्र फारसं नाही. मोकळी फिरलेली बाई स्वतःबद्दल गप्प, आणि नवऱ्यामागं गेलेली भरभरून बोलते. याचं काय करायचं?

रानवाट: फाइन्सची नजर हीच तिची ओळख. बायकांनीही आपला देश पाहावा, असं ती प्रस्तावनेत स्पष्ट लिहिते.

सांजवेळ: परवान्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या नजरेतून सुटला होता. पण टोपीच्या प्रसंगावर मी अजून ठाम आहे. तो तिनं नवऱ्यावरच्या प्रेमाची गोष्ट म्हणूनच लिहिलाय. माझ्या मते तिचा खरा स्वतःचा प्रवास एकच, १६६६ मधला. माद्रिदमध्ये नवरा वारला. कॅथलिक झालीस तर पेन्शन देऊ, असं स्पेनच्या राणीनं सांगितलं. तिनं नाही म्हटलं, गाड्याघोडे विकले आणि मुलं नि शवपेटी घेऊन फ्रान्समार्गे घरी निघाली.