मदत हवी आहे: सगळ्या टेबलांना चालणारं एकच ट्रिगर फंक्शन (पोस्टग्रेस)

शहापूरकर

मंडळी नमस्कार, बेळगावातनं लिहितोय. इथल्या एका क्रेडिट सोसायटीचं सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे, पोस्टग्रेस 14 डेटाबेसवर चालतं. सभासद, पिग्मी, मुदत ठेव, कर्ज, सोनेतारण, शेअर्स धरून चाळीसेक टेबलं. परवा ऑडिटला एका सभासदाचं आडनाव मराठीत बदललेलं आणि कन्नडमध्ये जुनंच राहिलेलं निघालं, ऑडिटरनी विचारलं कुणी बदललं, कधी, आधी काय होतं, तर दाखवायला काहीच नाही. म्हणून आता प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची ठरलंय. पिग्मी एजंट रोज बाजारात फिरून भाजीवाल्या बायकांकडनं पैसे गोळा करून आणतो, त्या पैशाचा हिशोब चोख पाहिजेच.

तर सभासद टेबलाला ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप फंक्शन चालवणारा) लिहिला, झकास चालला. तेच फंक्शन पिग्मीला लावलं की एरर येतोय, न्यू रेकॉर्डमध्ये (बदलानंतरच्या ओळीत) सभासद_क्र हे फील्डच नाही म्हणून. बरोबरच आहे, तिथं खाते_क्र आहे, सोनेतारणला पावती_क्र. मग एक्झिक्यूटमध्ये (स्ट्रिंगमधली क्वेरी चालवणारी कमांड) स्ट्रिंग जोडून न्यू च्या पुढं कॉलमचं नाव लावून बघितलं, तर तिथं न्यू ओळखतच नाही. चाळीस टेबलांना चाळीस फंक्शनं लिहायची आणि कॉलम वाढला की प्रत्येक वेळी हात घालायचा, हे काय पटत नाही बघा. कुणी केलंय का असलं?

आणखी एक, ॲप्लिकेशन डेटाबेसला एकाच युजरनं जोडतं, त्यामुळं कुठल्या क्लार्कनं बदल केला ते कसं पकडायचं?

निपाणीचा डीबीए

होतंय की, अगदी आरामात. एक्झिक्यूटच्या स्ट्रिंगला बाहेरचं न्यू दिसत नाही, ते यूझिंगनं आत द्यावं लागतं. पण तुमच्या कामाला एक्झिक्यूट लागतच नाही. टू_जेसनबी(न्यू) आणि टू_जेसनबी(ओल्ड) करा, ओल्ड म्हणजे बदलाआधीची ओळ, अख्खी ओळ जेसनबी (कॉलमचं नाव आणि त्यातली व्हॅल्यू अशा जोड्या) होऊन हातात येते, कॉलम कुठले आहेत ते फंक्शनला माहीत असायची गरजच नाही. टेबलाचं नाव टीजी_टेबल_नेम मध्ये असतं, काम इन्सर्ट का अपडेट का डिलीट ते टीजी_ऑप मध्ये. ओळ ओळखायच्या कीचा कॉलम ट्रिगर बनवताना आर्ग्युमेंट म्हणून द्या, म्हणजे पिग्मीच्या ट्रिगरला 'खाते_क्र', सोनेतारणच्या ट्रिगरला 'पावती_क्र', आणि फंक्शनमध्ये टू_जेसनबी(न्यू) ->> टीजी_आर्गव्ही[0]. डिलीटला न्यू नसतं, तिथं ओल्ड वापरा. टीजी_आर्गव्ही शून्यापासनं मोजतात, ते ध्यानात ठेवा.

ट्रिगर आफ्टर ठेवा आणि रिटर्न नल करा. फंक्शन सिक्युरिटी डिफायनर (बनवणाऱ्याच्या हक्कानं चालणारं) ठेवून त्यातच सर्च_पाथ (टेबलं कुठं शोधायची ती यादी) पक्का करा, आणि ॲप्लिकेशनच्या युजरला लॉग टेबलावर (बदलांच्या नोंदी ठेवायचं टेबल) लिहायचा किंवा खोडायचा हक्क देऊ नका. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाच वही खोडता आली तर ऑडिटला काय अर्थ राहिला.

खानापूरची

क्लार्कचं मी सांगते. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्या झाल्या ॲप्लिकेशननं सेट_कॉन्फिग('सोसायटी.क्लार्क', आयडी, ट्रू) म्हणायचं, नावात टिंब पाहिजेच. फंक्शनमध्ये करंट_सेटिंग('सोसायटी.क्लार्क', ट्रू). हा दुसरा ट्रू विसरला आणि व्हॅल्यू सेट नसली तर एरर येऊन बिचाऱ्या क्लार्कची पावतीच अडकते. आणि कनेक्शन पूलमधलं (तेच परत परत वापरलं जाणारं) असेल तर आधीचं ट्रान्झॅक्शन संपल्यावर तिथं नल नाही तर रिकामी स्ट्रिंग मिळते, म्हणून तिचा नल करायला नलइफ लावा.

सहीचा फोटो बायटीया (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) कॉलममध्ये असेल तर तो लॉगमधनं वगळा, टू_जेसनबी(न्यू) - 'सही_फोटो', नाहीतर पत्ता बदलला तरी दोनदा अख्खा फोटो लॉगमध्ये जातो.

शहापूरकर

निपाणीकर, खानापूरच्या ताई, लई उपकार झाले. सभासद, पिग्मी आणि सोनेतारण तिन्हीवर एकच फंक्शन चालतंय. सभासदचं आडनाव बदलून बघितलं तर जुनं नवं दोन्ही, मराठी आणि कन्नड अक्षरं जशीच्या तशी लॉगमध्ये आली. आता बाकीच्या टेबलांना डू ब्लॉकमधनं (एकदाच चालवायचा कोड) लूप फिरवून लावतो. फक्त तिमाहीचं व्याज जमा करताना एकाच अपडेटमध्ये हजारो ओळी बदलतात, तिथं प्रत्येक ओळीला फंक्शन चाललं तर जड जाईल का?

निपाणीचा डीबीए

लूपमधनं लॉगचं टेबल आधी वगळा हो, नाहीतर लॉगची नोंद लॉगलाच परत उठवत बसेल. लूपमध्ये टेबलाचं नाव फॉरमॅटच्या %आय नं घाला, ते नावाला नीट कोट करतं.

व्याजाच्या वेळी जड जाईल, हो. आधी तुमच्या डेटावर मोजून बघा. खरंच अडलं तर त्या एका टेबलाला फॉर ईच स्टेटमेंट ट्रिगर (प्रत्येक ओळीला नाही, अख्ख्या कमांडला एकदाच चालणारा) करा, रेफरन्सिंग ओल्ड टेबल ॲज जुन्या न्यू टेबल ॲज नव्या, हे पोस्टग्रेस 10 पासनं आहे. अख्खं अपडेट एका इन्सर्ट-सिलेक्टमध्ये लॉगला जातं. पण असल्या ट्रिगरला इन्सर्ट ऑर अपडेट एकत्र लिहिता येत नाही, प्रत्येकाला वेगळा ट्रिगर, फंक्शन एकच चालतं. आणि जुन्या नव्या ओळींची जोडी आपोआप लागत नाही, खाते_क्र वर जॉइन करावी लागते, त्यामुळं खाते_क्रच बदलायची मुभा कुठल्या स्क्रीनवर असेल तर ती आधी बंद करा.