तातडीचं: शनिवारसाठी बर्फाचं मीठ आणि फावडी कुणाकडे आहेत?

मंदार (सचिव), बुधवार, ८ जानेवारी २०२५, रात्री ९:१०

मंडळी,

अटलांटातल्या शुक्रवारच्या बर्फाचा इशारा एव्हाना सगळ्यांच्या फोनवर आलाच असेल. हॉलवाल्या बाई म्हणतात, इमारत उघडून देऊ, पण पार्किंग आणि वरचा उतार तुमचा तुम्ही साफ करा, आमचा माणूस शनिवारी येत नाही. उतार उत्तरेला, वर पाइनची झाडं, तिथे भर दुपारीही ऊन पोचत नाही. गणपतीला आरतीनंतर तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय आणि तेव्हा तर नुसता पाऊस होता.

बर्फाचं मीठ निदान सहा पोती हवं, फावडी चार. आज तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे रॅक रिकामे. कुणाच्या गॅरेजात जुनं पोतं पडलं असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा.

कृपया फक्त मीठ आणि फावड्यांबद्दल लिहा. कार्यक्रम ठेवायचा की नाही ते कार्यकारिणी ठरवेल.

शुभदा, बुधवार रात्री ९:३४

मीठ नाही. फावडं नाही.

आता बाकीचं. संक्रांत मंगळवारी, १४ ला. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात आणि यंदा रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आहे. म्हणजे चांगले तीन आठवडे हातात असताना आपण ते ठेवलं ११ ला! सण यायच्या आधी वाण लुटणारं मंडळ मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये मी हे बोलले होते, इतिवृत्तात आलं नाही. कार्यकारिणीने ठरवलं होतं.

सुहास, बुधवार रात्री ९:५१

मंडळी, अंदाज दोन-तीन इंचांचा आहे. पुन्हा वाचा. दोन-तीन इंच!

मिनियापोलिसला असताना रोचेस्टरची मंडळी दीड तास गाडी हाणून संक्रांतीला यायची. मागे पोरं, मांडीवर हलव्याच्या दागिन्यांचे डबे, बाहेर शून्याखाली. कुणी मेलवर मीठ मागितल्याचं आठवत नाही. इथे आकाश जरा पांढरं झालं की दूध आणि ब्रेड गायब. अरे, बर्फात फ्रेंच टोस्टच खायचा असा काही नियम आहे का?

सावकाश चालवा, पुढच्या गाडीपासून लांब राहा, झालं. कार्यक्रम वेळेवर, ४ वाजताच ठेवा. माझ्याकडे एक फावडं आहे, चांगलं, लोखंडी पात्याचं. नेणाऱ्याने परत आणावं. दिवाळीला नेलेला टेबलक्लॉथ अजून यायचाय.

कौस्तुभ, बुधवार रात्री १०:०२

टेबलक्लॉथ आमच्याकडे नाही. दिवाळीच्या रात्रीच मी तो ऋजुताच्या गाडीत ठेवला.

विद्या (डिकेटर), गुरुवार सकाळी ६:२०

सुहासराव, तुम्ही इथे आलात २०१८ ला. म्हणून हे लांबलचक लिहिते, जुन्या मंडळींनी सोडून द्यावं.

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. बर्फ पडला जेमतेम अडीच इंच. दुपारी बाराच्या सुमारास भुरभुर सुरू झाली आणि तासा-दीड तासात सगळी ऑफिसं, सगळ्या शाळा, सगळी सरकारी खाती एकदमच सुटली. बर्फ झाला तो नंतर, आधी झाला ट्रॅफिक. मीठ टाकणारे ट्रकही त्याच गर्दीत अडकले, मग मीठ टाकणार कोण? हजारो चाकांखाली बर्फ दाबला गेला, थोडा वितळला, पारा उतरला तसा परत गोठला. त्यात २८५, शहराभोवतीचा रिंग हायवे. बाहेरगावच्या मोठ्या ट्रकना शहराच्या आतून जायला बंदी, त्यामुळे ते सगळे तिथेच. दोन-चार आडवे झाले की मागे मैलोनमैल रांग.

मी डनवुडीहून निघाले होते. माझ्या पुढे एक ट्रक चढावर होता. त्याची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती, ट्रक इंचभरही पुढे जात नव्हता, चाकाखालचा रस्ता घासून घासून काचेसारखा झाला होता. ड्रायव्हर उतरला, त्याने केबिनमधले पायपुसण्याचे रबरी मॅट काढून चाकाखाली सरकवले. चाकाने ते मागे भिरकावले, एक माझ्या बॉनेटवर आला. तो शांतपणे चालत आला, सॉरी म्हणाला, मॅट उचलला आणि परत चाकाखाली घातला. काळोख पडेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

शेवटी मी गाडी कडेला लावून चालत एका औषधांच्या दुकानात गेले. तिथे तीस-चाळीस माणसं जमिनीवर पुठ्ठे घालून बसलेली. मुलगी रात्रभर शाळेच्या जिममध्ये, तिच्या बाई तिथेच थांबल्या होत्या. त्या रात्री हजारो मुलं शाळांमध्ये झोपली, काही तर बसमध्ये. सँडी स्प्रिंग्जला २८५ वर गाडीत एक बाळ जन्माला आलं. दुसऱ्या दिवशी नॅशनल गार्ड आले.

तेव्हा मिनियापोलिसला आम्ही असं करायचो, तसं करायचो, ते राहू द्या. तिथे नांगर असतात, मिठाचे डोंगर असतात, लोकांच्या गाड्यांना हिवाळी टायर असतात. इथे यातलं काय आहे?

मीठ: अर्धं पोतं आहे, दगड झालंय.

श्रीकांत, गुरुवार सकाळी ८:०५

विद्याताईंचं दगड झालेलं पोतं चालेल, हातोडीने फोडा.

मिठाबद्दल विचारलंत म्हणून: साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पंधरा-वीस फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. शनिवारी पहाटे पारा विशीत असेल, तेवढ्यात चालून जाईल. कॅल्शियम क्लोराइड मिळालं तर उत्तम, ते त्याहून कितीतरी खाली चालतं, पण महाग. मांजराची वाळू किंवा साधी रेती बर्फ वितळवत नाही, फक्त पायाला आणि टायरला पकड देते. उतारावर दोन्ही हवं.

हायवेवर आज ब्राइन मारतायत, त्या पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्याच. ते मिठाचंच पाणी, मीठ साधारण २३ टक्के. आधी पाऊस झाला तर सगळं वाहून जातं. उद्याचा अंदाज नीट वाचा: सकाळी बर्फ, मग गारा आणि गोठणारा पाऊस. सुहासकाका, बर्फाच्या इंचांनी काही ठरत नाही. त्यावर जो पातळ थर बसतो त्यात तुमचं लोखंडी फावडं शिरणार नाही.

दुसरं, पूल. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, वारा वरून-खालून दोन्हीकडून लागतो, म्हणून रस्ता कोरडा असला तरी पूल गोठलेला असतो. जॉन्स क्रीक-अल्फारेटाची मंडळी हॉलला कुठूनही या, मेडलॉक ब्रिज, अॅबट्स ब्रिज, स्टेट ब्रिज नाहीतर मॅकगिनिस फेरी, चॅटाहूची नदी ओलांडावीच लागते. नावातच पूल आहेत हो! आणि डिकेटरहून येणाऱ्यांच्या वाटेत स्पॅगेटी जंक्शनचे (२८५ आणि ८५ हे हायवे मिळतात तिथले) सगळे उड्डाणपूल.

आशय, गुरुवार सकाळी ८:४०

नमस्कार, आम्ही ऑगस्टमध्ये आलो. आमची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मग चालेल ना? आणि बोरन्हाण होणार आहे का? आई-बाबा साताऱ्याहून आलेत, खास त्यासाठी थांबलेत. बाबांकडे बूट नाहीत, सँडल आहेत.

श्रीकांत, गुरुवार सकाळी ८:५२

ऑल व्हील ड्राइव्हने गाडी निघते. थांबताना त्याचा काडीचा उपयोग नाही, थांबवतात टायर. इथे सगळ्यांचे ऑल सीझन असतात आणि त्यांचं रबर थंडीत कडक होतं. ब्रेक मारल्यावर पायाखाली थरथर लागली तर घाबरून पाय उचलू नका, ते एबीएस आहे, चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, दाबून धरा. क्रूझ कंट्रोल बंद. गाडी घसरली तर जिकडे जायचंय तिकडे बघा, खांबाकडे बघू नका.

मालतीमावशी, गुरुवार सकाळी ९:१५

बाबांना म्हणावं जाड लोकरीचे मोजे घाला, सँडलला काही होत नाही.

दोनशे गुळपोळ्या माझ्या बेसमेंटमध्ये तयार आहेत. त्यांचं काय ते आधी सांगा, मिठाचं नंतर. कमिंगला आमच्या ड्राइव्हवेचा उतार मंदारला माहीत आहे. यांना मी ट्रे घेऊन त्यावरून उतरू देणार नाही, गुडघा नवीन आहे.

प्रज्ञा, गुरुवार सकाळी ९:२२

कृपया रिप्लाय ऑल करू नका. मी शार्लटला शिफ्ट होऊन दोन वर्षं झाली.

ऋजुता, गुरुवार सकाळी ९:३०

मावशी, गुळपोळ्या खाद्य समितीकडे आहेत आणि खाद्य समिती मी बघते. पोळ्या कुठे, कधी, कुणी न्यायच्या ते समिती कळवेल. टेबलक्लॉथ सुहासकाकांच्या कोट क्लोजेटमध्येच असेल, मी स्वतः काकूंच्या हातात दिला होता.

शुभदा, गुरुवार सकाळी ९:४१

पोळ्या मावशींनी लाटल्या, समिती त्या बघते. बरं.

सुहास, गुरुवार दुपारी १२:१०

विद्याताई, दोष बर्फाचा नव्हता, सगळ्यांना एकाच वेळी सोडलं त्याचा होता, हे तुम्हीच लिहिलंत. मी वेगळं काय म्हणतोय? शनिवारी ऑफिसं नाहीत, शाळा नाहीत, रस्ते मोकळे. आपली दीडशे माणसं आली तर असं काय होणार आहे?

क्लोजेट पाहिलं. टेबलक्लॉथ नाही.

विद्या (डिकेटर), गुरुवार दुपारी १२:४८

४ ला कार्यक्रम, ७ ला सगळे एकदम बाहेर. सूर्य मावळतो पावणेसहाला. दुपारी वितळलेलं पाणी तोवर त्याच उतारावर गोठलेलं आणि नऊवारी नेसलेल्या बायका, कडेवर पोरं, हातात वाण. २०१४ ला हेच झालं, फक्त गाड्यांचं. ठेवायचाच असेल तर १२ ते ३ ठेवा, ऊन आहे तोवर लोक घरी पोचतील.

शुभदा, गुरुवार दुपारी १:०५

हळदीकुंकू भर दुपारी बाराला! मग ते डोहाळजेवण म्हणून करा.

मंदार (सचिव), गुरुवार दुपारी १:२०

मंडळी, आतापर्यंत जमलेलं: विद्याताईंचं अर्धं पोतं (दगड), सुहासकाकांचं फावडं, श्रीकांतकडची रेती. बाकी कुणी? मी कॉस्टकोतून खायच्या मिठाची मोठी पिशवी आणू शकतो, ते चालतं का?

श्रीकांत, गुरुवार दुपारी १:२८

चालतं, तेही सोडियम क्लोराइडच. बारीक असल्यामुळे लवकर विरघळतं आणि लवकर संपतं, पायाला पकड अजिबात देत नाही. वीस-पंचवीस पिशव्या लागतील. त्यापेक्षा सुवानीच्या बागकामाच्या दुकानात बघा, तिथे लोक शोधत नाहीत.

मंदार (सचिव), गुरुवार संध्याकाळी ६:४५

सहा पोती मिळाली. श्रीकांत, आभार. पोती माझ्या व्हॅनमध्ये आहेत, व्हॅन मागून बसलीये.

मंदार (सचिव), गुरुवार रात्री ९:३०

महत्त्वाचं.

गव्हर्नर केम्पसाहेबांनी आज आणीबाणी जाहीर केली. हॉलवाल्या बाईंचा आता फोन आला. त्यांच्या विम्याचे लोक म्हणतात शनिवारी इमारत उघडायची नाही. विषय संपला. २५ ला त्यांच्याकडचं एक बुकिंग रद्द झालंय, ती तारीख मी लगेच धरली. वेळ ४ ते ७. बोरन्हाण, वाण, सगळं त्याच दिवशी.

शुभदा, गुरुवार रात्री ९:३३

२५, म्हणजे संक्रांतीनंतर. अरे वा.

आशय, गुरुवार रात्री ९:४४

आई-बाबांचं परतीचं तिकीट २३ चं आहे.

मालतीमावशी, गुरुवार रात्री ९:५८

आशय, तुझी आई बोरं आणि चुरमुरे घेऊनच आली असेल. संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे या, तोवर उतार सुकेल. शेजारची चार पोरं बोलावते, लुटायला कुणीतरी हवं. हलव्याचे दागिने नातवाचे आहेत, मुकुटाचा दोरा तेवढा बदलायचाय.

पोळ्या २५ पर्यंत ठेवणार नाही. आठ-दहा दिवस टिकतात, पण मग कडक होतात. रविवारी दुपारनंतर ज्याने त्याने येऊन न्याव्यात. ऋजुता, समितीला कळव.

ऋजुता, गुरुवार रात्री १०:०६

समितीची हरकत नाही. घरटी सहा. कृपया डबे घेऊन जा, मावशींचे डबे नेऊ नका. २५ साठी नव्या पोळ्यांचं समिती बघेल.

सुहास, गुरुवार रात्री १०:१५

जॉन्स क्रीकच्या पोळ्या मी आणतो, माझ्या गाडीला अजून तिकडचेच हिवाळी टायर आहेत. पण रविवारी दुपारी, आधी नाही. मला चालवता येतं हो, समोरून येणाऱ्याला येत नाही.

नितीन (खजिनदार), गुरुवार रात्री १०:४०

मंदार, सहा पोती मिठाचा खर्च कार्यकारिणीच्या मंजुरीशिवाय झालाय. पावती पाठव. शिवाय २५ ला बर्फ नसेल तर हे मीठ कोणत्या खात्यात दाखवायचं? दुकान परत घेत असेल तर उद्या बर्फ सुरू व्हायच्या आत देऊन ये.

मंदार (सचिव), गुरुवार रात्री १०:४४

परत घेत नाहीत, पावतीवर लिहिलंय. शिवाय एक पोतं मी आताच माझ्या ड्राइव्हवेवर टाकलं, नाहीतर सकाळी व्हॅन बाहेर निघणार नाही. पाच धरा.

नितीन (खजिनदार), गुरुवार रात्री १०:४७

मग पाचाचेच पैसे मिळतील.

विद्या (डिकेटर), गुरुवार रात्री १०:५५

नितीन, पैसे दे त्याला सहाचे. मंदार, पोती जमिनीला लावून ठेवू नकोस, फळीवर ठेव आणि वरून प्लॅस्टिक टाक, नाहीतर माझ्यासारखी दगड होतील. आणि उद्या कुणीही उगाच बाहेर पडू नका.

कौस्तुभ, गुरुवार रात्री ११:१२

टेबलक्लॉथ सापडला. मंडळाच्या स्टोरेज युनिटमध्ये, गणपतीच्या मखराखाली. हळद लागलीये.